कार्परचे चार प्रकार पाठ करून झाले, आता ते ड्युटीवर कसे वापरायचे ते पहा

थर्ड इयरच्या कोणत्याही पोरीला विचारा, नर्सिंगमधले वेज ऑफ नोइंग, म्हणजे नर्सला कळण्याचे प्रकार किती, ती एका दमात सांगते, एम्पिरिकल, एस्थेटिक, पर्सनल, एथिकल, चार. मग विचारा की आज मॉर्निंगला तुझ्या पेशंटजवळ यातलं काय वापरलं, की गप्प. यात तिचा काही दोष नाही, आपण ते शिकवतोच पाच मार्कांचा प्रश्न म्हणून, वॉर्डात बेडजवळ उभं राहून कोणी दाखवत नाही. मी नागपुरात बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता शिकवते. तुमची पोस्टिंग मेडिकल, मेयो, डागा अशा सरकारी दवाखान्यात असो नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या प्रायव्हेटमध्ये, हे रोज वापरता येतं आणि वापरलंच पायजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिली.

थिअरी दोन मिनिटांत उरकते. बार्बरा कार्पर या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका, त्यांचा लेख १९७८ मध्ये अ‍ॅडव्हान्सेस इन नर्सिंग सायन्स या जर्नलच्या पहिल्याच अंकात आला. तेव्हा नर्सिंगला सायन्स म्हणून मान मिळावा अशी धडपड चालू होती आणि सगळा जोर मोजता येणाऱ्या गोष्टींवर होता. कार्परबाईंनी म्हटलं की सायन्स पायजेच, पण नर्सला जे कळतं ते सगळं त्यात मावत नाही. पुस्तक, रिसर्च, रिपोर्ट, मोजलेले आकडे हे एम्पिरिकल. समोरच्या ह्याच माणसाला आत्ता काय होऊन राहिलं ते पाहता पाहता उमगणं आणि त्याप्रमाणे आपला हात चालणं, हे एस्थेटिक. आपण स्वतः कसे आहो, कोणता पेशंट पाहिला की आपल्याला राग येतो, कोणाची जास्त माया येते, हे ओळखून पेशंटशी नातं ठेवणं म्हणजे पर्सनल. आणि इथे काय करणं योग्य आहे, कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, ते एथिकल. पुढे इतरांनी भर घातली. पॅट्रिशिया मनहॉल १९९३ मध्ये म्हणाल्या की आपल्याला या माणसाबद्दल माहीत नाही हे धरून त्याच्याजवळ जाणं हाही कळण्याचाच एक प्रकार आहे, आणि जिल व्हाइट यांनी १९९५ मध्ये सोशिओपॉलिटिकल नोइंग जोडलं, म्हणजे पेशंट कुठून आला, त्याच्या खिशात किती, सिस्टीम कशी चालते आणि त्यात कोणाचं ऐकलं जातं. एवढं पुरे.

आता माझं सांगणं. हे प्रकार केस प्रेझेंटेशनमध्ये वेगवेगळे रकाने करून भरायला ठीक आहेत, पण ड्युटीवर त्यांचा खरा उपयोग एकमेकांना तपासायला होतो. आकडे काही म्हणतात आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं, किंवा पुस्तक एक सांगतं आणि पेशंट दुसरं, असं झालं की आपण बहुतेक वेळा त्यातलं एक सोडून देतो आणि पुढच्या बेडवर जातो, कारण पुढे अजून तीस बेड आहेत. तिथेच थांबायचं. जिथे दोन प्रकारचं कळणं जुळत नाही, त्या बेडवर तुमचा वेळ जायला पायजे. खालचं सगळं याच्याच भोवती आहे.

सिकलसेलच्या पोराजवळ

सिकलसेलचंच उदाहरण घेते, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि भयंकर दुखतं. हेच घेते, कारण विदर्भात नर्सिंग करायचं आणि सिकलसेल समजत नाही हे चालणारच नाही. मध्य भारतात हा आजार असल्याचं १९५८ मध्येच शुक्ला आणि सोळंकी यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं, आदिवासी समाजात, बौद्ध समाजात, कुणबी-तेली अशा ओबीसी समाजांतही तो सापडतो, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा इकडून पेशंट शेवटी नागपूरलाच येतात.

समजा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे, वडसा-ब्रह्मपुरीकडचा, रात्री दोनला कॅज्युअल्टीतून तुमच्या वॉर्डात आला. "सिस्टर, मांड्या नि पाठ अशी दुखून राहिली का हाडं फोडून राहिलं कोणीतरी" म्हणतो. तुम्ही व्हायटल्स घेता, पल्स ८८, बीपी १२०/७६, टेम्परेचर नॉर्मल, सॅच्युरेशन ९७. आणि पंधरा मिनिटांनी पाहता तर पोरगा मोबाइल पाहत पडला आहे. आता स्टेशनवर कोणीतरी म्हणणारच, नाटक करून राहिला, इंजेक्शनची सवय लागली याला.

हाच तो न जुळणारा बेड. आता एकेक प्रकार लावून पहा.

पुस्तकाकडे आधी जा, आणि नीट जा, अर्धवट नको. पेन क्रायसिस, म्हणजे हा दुखण्याचा झटका, सिद्ध करणारी कोणतीही ब्लड टेस्ट नाही. व्हायटल्स नॉर्मल असूनही दुखणं दहापैकी नऊ असू शकतं. ज्याला लहानपणापासून हे दुखणं आहे तो रडत बसत नाही, तो मोबाइल पाहतो, भिंतीकडे तोंड करतो, झोपल्यासारखा पडतो, तो त्याचा सहन करायचा मार्ग असतो. मार्गो मॅकाफ्री या नर्सनं १९६८ मध्येच लिहून ठेवलं की पेशंट जे आणि जसं सांगतो तेच दुखणं. गाइडलाइन्स सांगतात की पेशंट आल्यापासून एका तासाच्या आत पहिलं पेनकिलर मिळायला पायजे आणि त्यानंतर दर ३० ते ६० मिनिटांनी पुन्हा विचारायचं. म्हणजे मोबाइल पाहतो म्हणून दुखत नसेल हे म्हणणं सायन्स नाहीच, तो आपला अंदाज आहे आणि सायन्स त्याच्या विरुद्ध आहे. हे मी मुद्दाम सांगते कारण वॉर्डात आपण ज्याला अनुभव म्हणतो त्यात कितीतरी वेळा नुसतं मत असतं.

पण पुस्तकालाही मर्यादा आहे. बऱ्याच पुस्तकांत वाचाल की भारतातला सिकलसेल सौम्य असतो, कारण इकडच्या हॅप्लोटाइपमध्ये, म्हणजे या आजाराच्या इकडच्या जनुकीय प्रकारात, फीटल हिमोग्लोबिन (बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन) जास्त राहतं. पण विदर्भात गंभीर आजार असलेले भरपूर पेशंट आहेत हे इथे काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे आणि तसं छापूनही आलं आहे. तेव्हा पुस्तकातलं वाक्य कोणत्या पेशंटवरून आलं हेही विचारत जा.

आता डोळे. टीपीआरचा, म्हणजे टेम्परेचर-पल्स-रेस्पिरेशन मोजायचा, ट्रे खाली ठेवा आणि बेडच्या पायथ्याशी अर्धा मिनिट नुसतं उभं राहून पहा. मोबाइल धरलेला हात हलतो पण उजवी मांडी अजिबात हलत नाही. चादर नीट करायला गेलं की दुसऱ्या हातानं बेडची दांडी घट्ट पकडतो. श्वास वरच्यावर घेतो कारण खोल घेतला की पाठीत कळ जाते. ओठ कोरडे आहेत. पाण्याची बाटली आहे पण भरलेलीच आहे, का पीत नाही विचारलं तर सांगेल, पाणी प्यालो का मग बाथरूमले जा लागते, आणि बाथरूम वॉर्डाच्या त्या टोकाला, तेवढं चालवत नाही. पाणी कमी पडलं की सिकलिंग वाढतं हे पुस्तकानं सांगितलं, पण तो पाणी का पीत नाही हे पुस्तकात नाही. युरिनल बेडशी ठेवा, बाटली हाताशी ठेवा, वॉर्डबॉय मामांना सांगून ठेवा, इनटेक आपोआप वाढतो.

आणि नागपूरकरांनो, कूलर पहा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या घरात तापमान, वॉर्डात मोठे कूलर लावलेले, आणि नवीन पेशंटला जागा मिळते ती नेमकी कूलरच्या झोतासमोर, सगळ्यांना वाटतं बरं झालं बिचाऱ्याला गार हवा मिळाली. हा पोरगा मात्र उन्हाळ्यात अंगावर ब्लँकेट मागतो आणि लोक त्याच्याकडे पाहून राहतात. थंडीनं क्रायसिस वाढतो, ओल्या गार वाऱ्याचा झोत रात्रभर पाठीवर घेतला तर दुखणं कमी कसं होईल. कूलरचं तोंड फिरवा किंवा बेड सरकवा, ब्लँकेट द्या, शेकायला गरम पिशवी द्या, बर्फ कधीच नको. याला डॉक्टरची ऑर्डर लागत नाही. कार्परबाई ज्याला एस्थेटिक म्हणतात ते माझ्या समजुतीप्रमाणे हेच आहे, सिकलसेलला काय लागतं आणि ह्या बेडवरच्या ह्या पोराला आज रात्री काय लागतं, यातलं दुसरं पाहता येणं.

एक प्रश्न त्याला नक्की विचारा, "नेहमीसारखंच दुखते का, का या वेळी वेगळं आहे?" त्यानं हे दुखणं आयुष्यभर भोगलं आहे, त्याच्याएवढं त्यातलं आपल्याला कळत नाही. तो वेगळं म्हणाला तर ते शब्द जसेच्या तसे नर्सेस नोट्समध्ये लिहा आणि रेसिडेंटला सांगा.

कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरा धोका असतो. क्रायसिससाठी अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटला दोन-तीन दिवसांत अ‍ॅक्युट चेस्ट सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे आजार फुप्फुसात उतरतो, ताप, छातीत दुखणं, खोकला, दम, सॅच्युरेशन खाली, आणि त्यात जीव जातो. दुखण्यामुळे खोल श्वास घेत नाही, पेनकिलरनं गुंगी येते, फुप्फुस नीट फुगत नाही. म्हणून जागा असेल तेव्हा दर दोन तासांनी श्वास आत ओढून स्पायरोमीटरचे (श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणाचे) बॉल दहादा उचलायला लावा, हे कंटाळवाणं काम वाटतं पण त्यानं फरक पडतो.

आतून वाटतंय, पण सांगू कसं

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, मॅडम, पेशंट बरोबर वाटत नव्हता पण काय सांगणार, सगळं तर नॉर्मल होतं.

त्या वाटण्याला मान द्या. बऱ्याच देशांत रॅपिड रिस्पॉन्स टीमला, म्हणजे बिघडणाऱ्या पेशंटकडे धावून येणाऱ्या टीमला, बोलवायचे जे निकष असतात त्यात नर्सला काळजी वाटते हा एक निकष लिहिलेलाच असतो. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नोव्हिसपासून (अगदी नवख्या नर्सपासून) एक्स्पर्टपर्यंत पाच पायऱ्या मांडल्या, त्यात एक्स्पर्ट नर्सला बारीकसारीक बदल एकदम दिसतात आणि ते कसे दिसले हे तिला पटकन सांगता येत नाही असं त्यांचं निरीक्षण होतं. ते काही दैवी नाही, शेकडो पेशंट पाहिल्याचं ते साठलेलं असतं. पण नुसतं वाटतं म्हणून फोन केला तर रेसिडेंट विचारणारच व्हायटल्स काय आहेत, त्यानं ते विचारलंच पायजे. म्हणून वाटलं की लगेच परत बेडजवळ जा आणि शोधा की काय बदललं. रंग? बोलणं तुटक झालं? सकाळी बोलत होता आता उत्तर द्यायला वेळ लागतो? उशी पाठीमागे लावून बसून राहिला, आडवं व्हायला नाही म्हणतो? आई मघापासून तीनदा स्टेशनवर येऊन गेली? आईचं येणं फार महत्त्वाचं आहे, त्याला कटकट समजू नका.

मग मोजा. आणि मोजायला सगळ्यात आधी रेस्पिरेशन घ्या, पूर्ण एक मिनिट, घड्याळ पाहून. आपल्या चार्टमध्ये अख्ख्या वॉर्डाचं रेस्पिरेशन वीस लिहिलेलं असतं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, आणि पेशंट बिघडायला लागला की जे आकडे लवकर हलतात त्यात हाच असतो. याबद्दल मी शिकवताना फार कडक आहे आणि राहणार. पेशंटला सांगू नका की श्वास मोजते, पल्स धरल्यासारखा हात धरून ठेवा आणि छाती पहा. न्यूज-२ स्कोअरमध्ये, म्हणजे पेशंट किती बिघडला ते व्हायटल्सवरून ठरवायच्या पॉइंटमध्ये, रेस्पिरेशन २१ ते २४ ला २ पॉइंट आहेत आणि २५ किंवा जास्त असेल तर एकट्या रेस्पिरेशनलाच ३, म्हणजे तातडीनं डॉक्टरनं येऊन पाहायचं. सॅच्युरेशनचा प्रोब लावताना नेलपॉलिश, गार पडलेली बोटं पहा, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतो हेही लक्षात ठेवा, ९५ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, आधी किती होतं ते पहा.

मग फोन. असा करा:

"सर, मेल मेडिसिनमधून सिस्टर बोलते. बेड ११, सिकलसेलचा पोरगा, परवा क्रायसिसनं अ‍ॅडमिट झाला तो. दुपारी रेस्पिरेशन १८ होतं, आता पूर्ण मिनिट मोजलं, २६ आहे. सॅच्युरेशन ९७ वरून ९३. छातीत टोचते म्हणतो, नेहमीचं दुखणं नाही म्हणतो. मला अ‍ॅक्युट चेस्टची शंका येऊन राहिली. तुम्ही आत्ता येऊन पाहा, तोपर्यंत ऑक्सिजन सुरू करू का?"

यात तुमचं वाटणं आहे, आकडे आहेत, पेशंटचे शब्द आहेत आणि काय पायजे ते स्पष्ट आहे. फोन केलेली वेळ आणि मिळालेलं उत्तर नोट्समध्ये लिहा. कोणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरला फोन करा, इनचार्ज सिस्टरला सोबत घ्या. फर्स्ट-सेकंड इयरच्या पोरींनी स्वतः फोन करू नये पण स्टाफ सिस्टरला सांगावं, "सिस्टर, मला हा सकाळसारखा वाटत नाही, तुम्ही एकदा पाहता का", एवढं वाक्य पुरतं.

आणि हे उलट्या बाजूनंही खरं आहे, अनुभवी नर्सचं वाटणंही चुकतं, तेव्हा आकडे तिला सावरतात. उन्हाळ्यात बेशुद्ध पेशंट आला की अख्खं नागपूर म्हणतं ऊन लागलं. असेलही. पण शुगर पाहिली का? एका टोचणीचं काम आहे, डायबेटिसची गोळी घेऊन उपाशी राहिलेले आजोबा असू शकतात, स्ट्रोक असू शकतो, सेरेब्रल मलेरिया असू शकतो. उलट कधी काखेतलं टेम्परेचर फार वाटत नाही म्हणून उष्माघात नाही असं ठरवतात, काखेतलं टेम्परेचर आतल्यापेक्षा कमीच दाखवतं. आतलं ४० च्या वर आणि माणूस असंबद्ध बोलतो किंवा झटके येतात तर तो उष्माघात धरून लगेच अंग थंड करायचं, पॅरासिटामॉलची वाट पाहायची नाही, त्यानं हे टेम्परेचर उतरत नाही. घाम येऊन राहिला म्हणून उष्माघात नाही असंही नसतं, उन्हात काम करता करता पडलेल्या मजुराला घाम असू शकतो.

स्वतःकडे पाहायची सोपी पद्धत

पर्सनल नोइंगवर पुस्तकात पानंच्या पानं असतात, मी पोरींना एकच करायला सांगते. ड्युटी संपल्यावर आठवा, आज औषधं वाटताना कोणत्या बेडवर सगळ्यात शेवटी गेलात, आणि कोणाशी बोलताना नजर चार्टमध्ये ठेवली. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, दारू पिऊन आलेला, ज्याला वास येतो तो, सारखा बेल वाजवणारा, वारंवार अ‍ॅडमिट होणारा, आणि फवारणीचं औषध पिऊन आलेला.

या शेवटच्याबद्दल बोलायलाच पायजे, कारण आपल्याकडे कापसाच्या पट्ट्यात हे पेशंट सतत येतात. ऑर्गनोफॉस्फेटची, म्हणजे या कीटकनाशकाच्या विषबाधेची, केस म्हणजे लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, कपड्यांना तो उग्र वास, अ‍ॅट्रोपिनचा (त्यावरच्या उताऱ्याचा) चार्ट, रात्रभर सक्शन. काम प्रचंड असतं आणि मनात कुठेतरी येतं की यानं स्वतःच करून घेतलं. येऊ द्या, मनात आलं म्हणून तुम्ही वाईट नर्स होत नाही. पण ते ओळखलं नाही तर ते हातात उतरतं, सक्शन करताना हात जरा जोरात पडतो, तोंडातून एखादं टोचणारं वाक्य जातं, आणि तो माणूस शुद्धीवर येताना पहिलं वाक्य तेच ऐकतो. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टच्या कलम ११५ मध्ये स्पष्ट आहे की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणजे आपण त्याच्याशी कसं वागतो हा नुसता स्वभावाचा प्रश्न राहत नाही.

सायकियाट्रीच्या पोस्टिंगला प्रादेशिक मनोरुग्णालयात तुम्ही प्रोसेस रेकॉर्डिंग लिहिता ना, पेशंट काय बोलला, मी काय बोलली, माझ्या मनात काय आलं. ती वही पोस्टिंग संपली की कपाटात जाते. तिला जनरल वॉर्डात आणा. महिन्यातून एखाद्याच पेशंटचं लिहा, दहा ओळी, पण खऱ्या लिहा. नाव, बेड नंबर, गाव काही लिहू नका आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका.

नातेवाईक म्हणतात, सांगू नका

एथिकल नोइंगची परीक्षा आपल्याकडे सगळ्यात जास्त कॅन्सरच्या पेशंटजवळ होते. मुलगा व्हरांड्यात गाठून म्हणतो, "सिस्टर, बाबाजीले सांगजा नका, खचून जातील ते." आणि बाबाजी रात्री तीनला सगळे झोपले की विचारतात, "बाई, मले नेमकं झालं काय जी?"

काय करायचं? खोटं बोलायचं नाही, आणि दारातच सगळं ओतायचंही नाही, निदान सांगणं हे नर्सचं एकटीचं काम नाही. स्टूल ओढून बसा. विचारा, "बाबाजी, तुम्हाला काय वाटते, काय झालं असंल?" बहुतेक वेळा त्यांना अंदाज असतो, गाठ आहे, ती गाठ साधी नाही, लाइट (रेडिएशन) द्यायला लागली म्हणजे काय ते कळतं. मग विचारा, "तुम्हाला आजाराबद्दल सगळं माहीत करून घ्यायचं आहे का, का पोरावर सोडायचं आहे?" दोन्ही उत्तरं त्यांचा हक्क आहे. जे म्हणतील ते सकाळी डॉक्टरांना सांगा आणि मुलालाही सांगा की बाबाजी स्वतः विचारून राहिले. मुलाला दोषी ठरवू नका, तो प्रेमापोटीच करतो आहे. आंतरराष्ट्रीय नर्सिंग परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे, तिच्यात नर्सची पहिली जबाबदारी ज्याला शुश्रूषा हवी त्याच्याशी आहे. रात्री तीनला ती जबाबदारी म्हणजे तो स्टूल आणि तेवढा वेळ. वेळ नसतो, मला माहीत आहे, तीस-चाळीस पेशंटवर एक-दोन सिस्टर असताना हे बोलणं सोपं नाही. म्हणूनच कोणत्या बेडवर थांबायचं हे ठरवता यायला पायजे.

जे माहीत नाही ते

गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेली बाई, गोंडी किंवा माडिया बोलते, लेबरमध्ये आहे आणि तोंडातून आवाज नाही. जोरात ओरडत नाही म्हणून कळा कमी आहेत असं धरून तिला बाजूला ठेवू नका. पोटावर हात ठेवा, दहा मिनिटांत किती कळा, किती सेकंद टिकतात ते मोजा. तिच्या नवऱ्यामार्फत सगळं विचारलं तर बायकांच्या गोष्टी नीट येणार नाहीत, वॉर्डात मावशी, स्टुडंट, दुसऱ्या पेशंटची नातेवाईक, कोणी ना कोणी ती भाषा बोलणारी बाई मिळते, शोधा, आणि बाहेरची असेल तर तिच्यादेखत काय विचारायचं नाही तेही पहा. तिला काय खायचं, कोण जवळ पायजे, कशाची भीती वाटते, आपल्याला यातलं काही माहीत नाही हे मान्य करून विचारलं की ती हळूहळू सांगते. आदिवासी असंच असते असं एक वाक्य मनात तयार असलं की विचारणं बंद होतं.

डिस्चार्जच्या वेळी

त्या सिकलसेलच्या पोराकडे परत या, कारण सोशिओपॉलिटिकल नोइंग डिस्चार्ज कार्डावर दिसतं. दुपारी चारला सुट्टी दिली, हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे क्रायसिस कमी करणारी गोळी, रोज घ्यायची सांगितली, दर महिन्याला दाखवायला या म्हटलं, झालं. पण गावाची शेवटची एसटी किती वाजता आहे हे कोणी विचारलं? गोळ्या संपल्यावर जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळतात का ते माहीत आहे का त्याला? नागपूरला एक चक्कर म्हणजे बापाची मजुरी बुडणार. दोन महिने आला नाही की आपण केस पेपरवर डिफॉल्टर लिहितो.

तेव्हा सुट्टीच्या आदल्या दिवशीच विचारा, सुट्टीच्या दिवशी घाईत काही होत नाही. "गोळ्या संपल्या तर कुठून घेशील?" असं उघडं विचारा, समजलं का असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आलेला आहे, सर्टिफिकेटसाठी कुठे जायचं ते सोशल वर्करकडून लिहून द्या, एसटीच्या सवलतीबद्दल तिथेच विचारायला सांगा, रेशनकार्ड जवळ आहे का पहा. भावंडांची तपासणी झाली का विचारा, आईबाप दोघं कॅरियर (स्वतः आजारी नसून आजाराचं एक जनुक असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराचं बाळ होण्याची शक्यता २५ टक्के असते, पहिल्याला झाला म्हणजे पुढचे सुटले असं नसतं, हा गैरसमज फार आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ चं ध्येय आहे, पण त्या मोहिमेचं टोक म्हणजे डिस्चार्ज कार्ड हातात देणारी तुम्ही. औषधाची वेळ मराठीत लिहा, इंग्रजीत बीडी (दिवसातून दोनदा) लिहिलेलं घरी कोणाला वाचता येत नाही.

सवय कशी लावायची

एकदम सगळं करायला जाऊ नका. स्टुडंट असाल तर पहिले काही महिने पुस्तक आणि मोजणं पक्कं करा, ते कच्चं असताना आतून वाटण्यावर विसंबू नका, पण रोज एका पेशंटजवळ ट्रे खाली ठेवून अर्धा मिनिट नुसतं पाहा आणि काय दिसलं ते स्टाफ सिस्टरला सांगा, ती काय म्हणते ते ऐका. स्टाफ असाल तर पोरींसमोर बोलत बोलत काम करा, "याच्या पायाकडे बघ, सकाळी एवढी सूज नव्हती, म्हणून मी आउटपुट पाहून राहिली", एवढं वाक्य मोठ्यानं बोललात तरी ती पोरगी लेक्चरपेक्षा जास्त शिकते. इनचार्ज सिस्टर असाल तर ज्युनिअरनं शंका घेऊन तुम्हाला उठवलं आणि काही निघालं नाही, तरी तिला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती उठवणार नाही.

आणि ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, जिथे आपण बेड नंबर, डायग्नोसिस, सलाईन किती वाजता संपतं एवढंच बोलतो, तिथे एक वाक्य वाढवा. प्रत्येक पेशंटचं नको, जिथे जुळत नाही तेवढ्यांचंच. "अकरा नंबर, व्हायटल्स ठीक आहेत, पण आज नेहमीपेक्षा वेगळं दुखते म्हणतो आणि आई दोनदा येऊन गेली." नाइटच्या सिस्टरनं ते रजिस्टरवर लिहून घ्यायचं, आणि ओव्हर संपला की एक नंबरपासून सुरुवात न करता आधी अकरा नंबरवर जायचं.